नीलदर्पणानंतरची नीळ

भारतीय नाटकाचा इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही दीनबंधु मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने निळीची पेरणी नाकारली. १८६० मध्ये ढाक्याहून हे नाटक प्रसिद्ध झाले. १८६१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला, आणि १८७२ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरने आपला पहिला प्रयोग केला तो याच नाटकाचा. भाषांतर मायकेल मधुसूदन दत्तांचे, असे परंपरा सांगते. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंहांनी भरली. हा सगळा प्रसंगच इतका नाट्यमय आहे, की वर्गात नाटकाच्या संहितेपेक्षा त्याचीच चर्चा अधिक रंगते. त्या चर्चेला आमची हरकत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ती लाँग यांच्या खटल्यापाशी थांबते आणि निळीची गोष्ट मात्र तिथे थांबत नाही. बंगालमधून उखडलेला हा धंदा बिहारच्या तिरहुत भागात जोमाने वाढला आणि पुढे चाळीस वर्षांनी जो कोसळला, तो कोणाच्या बंडामुळे नव्हे. त्याला कोसळवले ऱ्हाइनकाठच्या एका कारखान्याने. साहित्याच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या अंकाकडे पाठ फिरवावी, असे आम्हांस वाटत नाही.

त्या अंकाची सुरुवात ‘नीलदर्पण’च्याही आधीची आहे. १८५६ साली ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमधल्या आपल्या घरी क्विनीन तयार करण्याची खटपट करीत होता. हिवतापावरचे हे औषध वसाहतींत राहणाऱ्या गोऱ्या माणसांना फार हवे होते. पर्किनला क्विनीन मिळाले नाही. कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या अ‍ॅनिलिनवर प्रयोग करताना त्याच्या भांड्यात काळसर गाळ उरला आणि तो गाळ मद्यार्कात विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग दिसला. त्याच वर्षी पर्किनने पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी वडिलांच्या व भावाच्या मदतीने लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे कारखाना काढला. कृत्रिम रंगांचा उद्योग असा ब्रिटनमध्ये जन्मला.

ब्रिटनकडे तेव्हा काय कमी होते? कोळसा होता, गावोगावच्या वायुदिव्यांच्या कारखान्यांत नकोसे झालेले डांबर पिंपे भरभरून होते, लँकेशरच्या गिरण्यांत जगातले सर्वांत मोठे कापडाचे उत्पादन होत होते, म्हणजे रंगाचे गिऱ्हाईक दाराशीच होते, भांडवल होते, आरमार होते, वसाहती होत्या. आणि शोधही त्यांच्याच मुलाने लावलेला. एवढे असूनही १९१४ साली जगातील कृत्रिम रंगांपैकी सुमारे ८५ टक्के रंग जर्मन कंपन्या पुरवत होत्या आणि ब्रिटिश गिरण्या आपल्या गरजेचा बहुतेक रंग जर्मनीतून आणत होत्या. राष्ट्राराष्ट्रांतल्या औद्योगिक स्पर्धेच्या इतिहासात यापेक्षा विचार करायला लावणारे उदाहरण आम्हांस माहीत नाही, कारण इथे हरणाऱ्याच्या हातात सगळे पत्ते होते.

पर्किनचा गुरू आउगुस्ट विल्हेल्म हॉफमान हा मूळचा जर्मन होता. राणीचा पती अल्बर्ट याच्या आग्रहाने तो १८४५ मध्ये लंडनच्या नव्या रसायन महाविद्यालयात आला. गिझेन येथे लीबिगने जी पद्धत घालून दिली होती, म्हणजे विद्यार्थ्याला पुस्तकाऐवजी प्रयोगशाळेत उभे करून संशोधन शिकवायचे, तीच पद्धत हॉफमानने लंडनला नेली. वीस वर्षे त्याने ब्रिटिश आणि जर्मन शिष्य घडवले. पण देणगीदारांचा उत्साह आटत गेला आणि १८६५ मध्ये बर्लिनचे बोलावणे येताच तो परत गेला. मँचेस्टरच्या रंग कारखान्यात काम केलेला हाइनरिश कारो साधारण त्याच सुमारास मायदेशी परतला आणि १८६५ मध्येच स्थापन झालेल्या बाडिश अ‍ॅनिलिन उंड सोडा फाब्रिक, म्हणजे आजच्या बीएएसएफ, या कंपनीच्या संशोधनाचा पुढे प्रमुख झाला. माणसे परत गेली तेव्हा नोंदवह्यांत न मावणारी हातची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. ब्रिटनमध्ये कोणी फारशी हळहळ केली नाही.

१८६९ चा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मंजिष्ठेच्या मुळातला लाल रंग, अ‍ॅलिझरिन, कारखान्यात बनवण्याच्या पद्धतीसाठी कारो, ग्रेबे आणि लीबरमान यांनी लंडनमध्ये २५ जून रोजी पेटंटचा अर्ज दिला. पर्किनने स्वतंत्रपणे हीच गोष्ट साधली होती. त्याचा अर्ज २६ जूनचा. पुढे दोन्ही पक्षांनी बाजार वाटून घेतला. पण ही गोष्ट एका दिवसाच्या उशिराची म्हणून सांगितली जाते तेव्हा तिचा अर्थ हरवतो. पर्किन त्या दिवशी हरलाच नव्हता. ब्रिटनच्या बाजारात त्याने अ‍ॅलिझरिनवर उत्तम पैसा केला. १८७४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी त्याने कारखाना विकून टाकला व उरलेले आयुष्य शुद्ध संशोधनात घालवले. धंदा आता एकट्या कल्पक माणसाच्या हाताबाहेर जात होता. तो टिकवायचा तर दरवर्षी विद्यापीठांतून डझनांनी रसायनशास्त्रज्ञ हवे होते आणि ते पर्किनला ब्रिटनमध्ये मिळत नव्हते. शतकाच्या अखेरीस बीएएसएफ किंवा बायर यांच्यासारख्या एकेका जर्मन कंपनीत शंभराहून अधिक शिक्षित रसायनशास्त्रज्ञ नोकरीस होते.

पेटंटच्या कायद्याचाही यात भाग आहे, आणि तो गमतीचा आहे. फ्रान्समध्ये ‘फुक्सिन’ या किरमिजी रंगाचे पेटंट न्यायालयांनी इतके व्यापक मानले, की तो रंग कोणत्याही पद्धतीने बनवणे हा गुन्हा ठरला. परिणामी चांगली पद्धत सापडलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सरहद्द ओलांडून बाझलला गेले, कारण स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. स्विस रसायन उद्योगाचा पाया अशा रीतीने काही अंशी फ्रेंच कायद्याने घातला. जर्मनीने सुरुवातीच्या मोकळ्या वर्षांत मनसोक्त नक्कल केली आणि स्वतःचे काही राखण्याजोगे झाल्यावर, १८७७ मध्ये, सबंध साम्राज्याचा पेटंट कायदा केला. त्यात रक्षण दिले ते पदार्थाला नव्हे, पद्धतीला. म्हणजे त्याच रंगाकडे जाणारी दुसरी वाट शोधण्याची मुभा सर्वांना राहिली आणि शोधत राहण्याची सक्तीही. बौद्धिक संपदेच्या पावित्र्याची प्रवचने आज जी राष्ट्रे करतात, त्यांच्या पूर्वजांचे हे वर्तन ध्यानात ठेवलेले बरे.

आता नीळ. म्युनिकच्या आडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली आणि १८८३ मध्ये तिची रचना उलगडली. (बायर कंपनीशी या गृहस्थांचा नावापुरताच संबंध, १९०५ चे रसायनशास्त्राचे नोबेल यांचे.) पेटंट लगेच विकत घेतले गेले, पण बाजारात नीळ आली ती १८९७ मध्ये. मधली सतरा वर्षे हाच आमच्या दृष्टीने या इतिहासाचा गाभा आहे. बायर यांची पद्धत इतकी खर्चाची होती, की तिने बनवलेली नीळ शेतातल्या निळीपुढे उभीच राहू शकत नव्हती. १८९० मध्ये झुरिकच्या हॉयमान यांनी नवी वाट दाखवली. तिच्यासाठी कच्चा माल म्हणून नॅप्थलीन, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचे द्रव्य, मुबलक होते. पण त्याचे पुढील रूपांतर स्वस्तात होईना. १८९६ मध्ये प्रयोग चालू असताना उष्णतामापक फुटला, पारा मिश्रणात पडला आणि अडलेली क्रिया झपाट्याने पुरी झाली, अशी हकिगत आहे. योगायोग खरा, परंतु ज्याने सोळा वर्षे तोच पदार्थ तापवत ठेवला आहे, त्याच्याच भांड्यात उष्णतामापक फुटू शकतो. या उद्योगात कंपनीने सुमारे १ कोटी ८० लाख मार्क ओतले. हा आकडा तिच्या त्या वेळच्या भागभांडवलाच्या जवळपास होता. दुसऱ्या रंगांचा नफा हाताशी होता, भागधारक थांबायला तयार होते, आणि निळीसाठी शोधलेल्या गंधकाम्लाच्या व क्लोरीनच्या नव्या पद्धती इतरत्रही उपयोगी पडत होत्या. याच कंपनीने १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना चालू केला. तिथून एक रस्ता खतांकडे गेला आणि एक दारूगोळ्याकडे.

मग प्रश्न उरतो, की ब्रिटिश भांडवलाने ही सतरा वर्षे का दिली नाहीत? सुस्ती, अभिजनांची विज्ञानाविषयीची तुच्छता, शिक्षणाची हेळसांड ही कारणे ब्रिटिश इतिहासकार देतात आणि ती खरी आहेत. आम्हांस त्यात आणखी एक कारण दिसते, ते भारतातून पाहणाऱ्यालाच अधिक स्पष्ट दिसावे. ब्रिटनला नीळ शोधण्याची गरज नव्हती, कारण नीळ त्याच्या मालकीची होती. चंपारणात ‘तीनकठिया’ पद्धत होती: बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत कुळाने नीळ लावलीच पाहिजे, भाव मळेवाला सांगेल तो. जिथे जमीन, पाणी आणि माणूस अशा दराने मिळतात, तिथे प्रयोगशाळेवर पैसा उधळणारा व्यापारी शहाणा ठरत नाही. अशी वसाहत नसलेल्या, उशिरा जागे झालेल्या जर्मनीला ही सोय नव्हती. बंगालचा भूभाग नव्हता म्हणून तिने डांबर उकळले. सक्तीची मजुरी मजुराला तर मारतेच, पण ती वापरणाऱ्याची बुद्धीही सुस्तावते, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

परिणाम अवघ्या सतरा-अठरा वर्षांत दिसला. १८९७ मध्ये जगात वनस्पतीपासून सुमारे १९,००० टन नीळ निघत होती, तिच्यापैकी बहुतांश भारतात; १९१४ मध्ये ती सुमारे १,००० टनांवर आली. कारखान्याची नीळ स्वस्त होती हे एक कारण. शिवाय ती प्रत्येक डब्यात सारख्याच शुद्धतेची होती, पाऊस कमी झाला म्हणून तिचा कस उतरत नसे. रंगाऱ्याला तेच हवे होते. मळेवाल्यांना विज्ञानाची आठवण आली ती आता. रसायनशास्त्रज्ञ बोलावले गेले, जावाहून अधिक कसाची जात आणली गेली, १९०५ मध्ये पुसा येथे सरकारी कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि तिने इतर कामांबरोबर निळीच्या रोपाचाही अभ्यास केला. त्या संस्थेने पुढे भारतीय शेतीसाठी, विशेषतः गव्हासाठी, मोठे काम केले. निळीला ती वाचवू शकली नाही.

आणि तोट्याचे काय झाले? तो मळेवाल्यापाशी थांबला असता तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. नीळ परवडेनाशी झाल्यावर मळेवाल्यांनी कुळांना तीनकठियाच्या बंधनातून मोकळे करण्याची तयारी दाखवली, पण मोल घेऊन. जिथे जमीन त्यांच्याकडे कायम पट्ट्याने होती, तिथे खंड वाढवून लिहून घेतला. त्याला ‘शरहबेशी’ म्हणत. जिथे पट्टा मुदतीचा होता, तिथे एकरकमी भरपाई उकळली, ती ‘तावान’. म्हणजे जे पीक पेरण्यासाठी आजोबाने मार खाल्ला, ते न पेरण्यासाठी नातवाने कर्ज काढले. पुढे महायुद्ध आले, जर्मन नीळ बाजारातून नाहीशी झाली, भाव कडाडले, आणि मळेवाल्यांचा निळीतला रस पुन्हा जागा झाला. राजकुमार शुक्ल यांच्या चिकाटीमुळे गांधी एप्रिल १९१७ मध्ये चंपारणात पोहोचले ते या पार्श्वभूमीवर. चौकशी समिती नेमली गेली, तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला, शरहबेशी काही अंशी कमी झाली, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. आपल्या पाठ्यपुस्तकांतले चंपारण गोऱ्या जुलमाच्या विरोधातले आहे, आणि ते चूक नाही. परंतु त्या जुलमाची विशिष्ट तऱ्हा आणि नेमकी वेळ समजून घ्यायची तर लुडविग्सहाफेनच्या हिशेबवह्या उघडाव्या लागतात.

युद्धाने ब्रिटनलाही आरसा दाखवला. १९०७ च्या कायद्याने परकी पेटंटधारकांना देशातच उत्पादन करण्याची सक्ती झाली होती, म्हणून हेक्स्ट कंपनीने एल्समियर पोर्ट येथे निळीचा कारखाना काढला होता. तो आता सरकारने ताब्यात घेतला आणि लेव्हिनस्टाइन या कंपनीस विकला. सैनिकांचे गणवेश रंगवण्याचीसुद्धा पंचाईत झाली. फ्रान्सची स्थिती अधिक विनोदी होती: मंजिष्ठेच्या शेतकऱ्यांना आधार म्हणून १८२९ मध्ये त्यांच्या पायदळाला लाल विजारी दिल्या होत्या, आणि १९१४ मध्ये त्याच विजारींचा लाल रंग जर्मन अ‍ॅलिझरिनचा होता. मुक्त व्यापाराचा जप करणाऱ्या ब्रिटिश सरकारने १९१५ मध्ये स्वतः पैसे घालून रंगांची कंपनी उभी केली आणि १९२० च्या कायद्याने परकी रंगांच्या आयातीवर बंधने घातली. अमेरिकेने जर्मन पेटंटे सरळ जप्त केली. पण पेटंटे वाचून रंग होईनात. शेवटी ड्यू पाँटने युद्धानंतर बायरचे रसायनशास्त्रज्ञच भरभक्कम पगारावर फोडले. हॉफमान बर्लिनला निघाला तेव्हा जे घडले होते, त्याची ही उलटी आवृत्ती होती, फक्त या वेळी किंमत आधी ठरली होती.

इथे आम्ही आमच्या मूळ विषयाकडे, साहित्याकडे, येतो. ‘नीलदर्पण’मध्ये मळेवाले वुड आणि रोग समोर उभे असतात; त्यांच्या हातात चाबूक असतो, तोंडात शिव्या असतात. प्रेक्षकाला कोणाचा राग करायचा हे ठाऊक असते. १८९७ नंतरच्या अंकात असा माणूस नाही. बायर यांना चंपारणच्या कुळांचे काही वाईट करायचे नव्हते. कदाचित चंपारण हे नावही त्यांच्या कानी गेले नसेल. उष्णतामापक फोडणाऱ्याचा तर हेतूच नव्हता. भावाचा धक्का समुद्र ओलांडून येतो, मळेवाला तो खाली ढकलतो, आणि शेवटी एका शेतकऱ्याच्या अंगठ्याच्या ठशात त्याची नोंद होते. या साखळीवर नाटक कसे लिहावे? खलनायकावाचून चालणाऱ्या अनर्थाची रीत आपल्या कथनपरंपरेने पुरती आत्मसात केली आहे असे आम्हांस वाटत नाही. दुष्काळाला दैव म्हणता येते, सावकाराला सावकार म्हणता येते. दूरदेशीच्या शोधाला काय म्हणावे? चंपारणाच्या वाङ्मयात गांधी पुष्कळ आहेत, कृत्रिम नीळ मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते.

महाराष्ट्रात हा विचार अगदीच झाला नव्हता असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात ब्रिटिश अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्वत्र व सर्वकाळ लागू पडतात या समजुतीवर त्यांनी घाव घातला आणि जर्मन फ्रीडरिश लिस्टचा दाखला दिला. उशिरा आलेल्या राष्ट्राने आपली उत्पादक शक्ती राज्याच्या मदतीने वाढवावी, हा लिस्टचा मुद्दा. रानडे हे मांडत होते तेव्हा लुडविग्सहाफेनचे प्रयोग चालूच होते. मात्र त्याआधी दोनच वर्षे याच रानड्यांनी जावातील डच लागवड-पद्धतीकडे बऱ्याच अनुकूल दृष्टीने पाहिले होते, आणि त्या पद्धतीत ऊस-कॉफीबरोबर सक्तीची नीळही होती. राज्याने उद्योगाला हात द्यावा हे सांगताना त्या हाताखाली कोण दबतो, ही बाजू त्यांच्या लेखनात फिकट राहिली, असे म्हटल्याने त्यांच्या थोरवीस बाध येऊ नये.

रानड्यांनी विचार मांडला. हात काळे करणारे गृहस्थ होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेचे हे रसायनशास्त्रज्ञ सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या कलाभवनाचे शिल्पकार. रंगकामासह अनेक धंद्यांचे शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. गिझेनचे बीज बडोद्यात रुजवण्याचाच तो प्रयत्न म्हणायचा; पण लीबिगच्या शिष्यांना कारखाने मिळाले, कलाभवनाच्या विद्यार्थ्यांना रंगवायला बहुधा परदेशी रंगच मिळाले. पुढे गज्जर मुंबईस आले. १८९६ च्या ऑक्टोबरात चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते, आणि ते डाग काही केल्या निघत नव्हते. ते काढून दाखवले गज्जरांनी. पुतळा बडोद्याच्याच खंडेराव गायकवाडांनी दिलेला. ज्या डांबरातून जर्मनी त्याच सुमारास निळा रंग काढीत होती, ते डांबर राणीच्या तोंडावरून पुसण्याचे काम या देशातल्या एका फार कर्तबगार रसायनशास्त्रज्ञाच्या वाट्याला आले. त्या कामाने त्यांचे नाव झाले.

भारतात कृत्रिम निळीचे उत्पादन स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. तोवर जगाची मागणीही बदलली होती; जीन्सच्या कापडाने नीळ तारली. आपल्या घरांत पांढऱ्या कपड्यांना जी ‘नीळ’ देतात, ती तर या दोन्हींपैकी एकही नव्हे. ते अल्ट्रामरीन नावाचे तिसरेच द्रव्य, फक्त शब्द जुना राहिला. बायर, हेक्स्ट आणि बीएएसएफ यांचे कापडरंगांचे धंदे विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘डायस्टार’ नावाच्या एकाच कंपनीत गोळा झाले. २००९ मध्ये तिचे दिवाळे निघाले. २०१० मध्ये ती विकत घेतली अहमदाबादच्या किरी या कंपनीने, चीनच्या लाँगशेंगच्या साथीने. पुढे हे दोन भागीदार आपसांत भांडले आणि कोणाचा हिस्सा किती मोलाचा, हा त्यांचा वाद सिंगापूरच्या न्यायालयात वर्षानुवर्षे चालला.